लाकडी बैल आणि सिनेमांचे शेवट

लग्न होऊन मी अल्लीपूरला आले तेव्हा पहिल्याच महिन्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. या गावाला सिनेमाचं भयंकर वेड होतं, पण सिनेमाचा शेवट कुणीच पाहिलेला नव्हता.

कारण साधं होतं. टॉकीज हिंगणघाटला, आणि हिंगणघाटहून अल्लीपूरला येणारी शेवटची एस.टी. संध्याकाळचा शो सुटायच्या आधीच निघायची. म्हणजे पडद्यावर नायिकेला खांबाला बांधलेलं आहे, खलनायक खदाखदा हसतो आहे, नायक मोटारसायकलवर बसून निघाला आहे, आणि इकडे अल्लीपूरची मंडळी चपला हातात घेऊन बसस्टँडकडे पळत सुटली आहे. नायक वेळेवर पोचला की नाही हे त्यांना कधी कळलं नाही. ते स्वतः मात्र वेळेवर पोचत.

दुपारचा शो पाहावा तर तेही जमण्यासारखं नव्हतं. गावातली दुकानं आठवड्यातून एक दिवस बंद असत आणि तो दिवस हिंगणघाटच्या बाजारात माल भरण्यात जाई. शेतकरी मंडळीही बियाणं, फवारणीचं औषध, पंपाचा एखादा तुटलेला भाग असं काहीतरी निमित्त काढून त्याच दिवशी येत. कामं आटपली की सगळे सहाच्या शोला शिरत. दूरदर्शनवर तोच सिनेमा यायला वर्षंच्या वर्षं लागत, आणि आला की नेमकी शेवटाला वीज जाई.

या सगळ्या गावात शेवट पाहणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे माझे सासरे. आम्ही सुना त्यांना मामाजी म्हणतो. आमचं किराणा दुकान. मामाजी माल भरायला जात, रात्री हिंगणघाटलाच आपल्या बहिणीकडे मुक्काम करत आणि सकाळी मालाच्या टेम्पोत बसून परत येत. या आत्यांचं घर टॉकीजच्या मागच्याच गल्लीत होतं. तेव्हा एस.टी.ची घाई नसलेले एकटे मामाजीच. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दुकानासमोर गर्दी व्हायची. कुणाला साखर हवी असायची, कुणाला काडीपेटी, पण खरं हवं असायचं ते वेगळंच.

"काकाजी, मंग त्या पोरीचं काय झालं जी?"

"सांगतो ना. घाई काऊन करता?" असं म्हणून मामाजी आधी पुडी बांधत, दोऱ्याची गाठ मारत, दोरा दातानं तोडत आणि मग शेवट सांगत.

या शेवटांना नुसतं मनोरंजन म्हणून किंमत नव्हती. त्यांच्यावर बक्षीस ठरायचं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवून आणतात, दारोदार फिरून बोजारा म्हणून खाऊ मागतात, आणि चांगला बैल सजवणाऱ्या लेकराला मोठी माणसं बक्षीस देतात. लेकरांचं आटोपलं की ही मोठी माणसं आमच्या दुकानात बसत आणि वर्षभराच्या सिनेमांचा न्याय करत. जो सिनेमा जिंकेल त्याचं नाव आमच्या घरच्या जुन्या लाकडी बैलाच्या चाकांवरच्या फळीवर खडूनं लिहायचं. तो बैल माझ्या नवऱ्याच्या लहानपणचा, एक शिंग तुटलेला. तो मग वर्षभर रस्त्याकडे तोंड करून गुळाच्या डब्यावर उभा असे. सिनेमा काढणाऱ्यांना या सन्मानाचा पत्ता नव्हता ही गोष्ट वेगळी.

वाद मात्र असा व्हायचा की विचारू नका. शेजारचा टेलर कपड्यांवरून न्याय करायचा. "गरीब विधवा दाखवली अन् तिच्या ब्लाऊजले पायपिंग? बाद करा तो पिच्चर." एका सिनेमाला मुंबईत ढीगभर बक्षिसं मिळाली होती, पण त्यातला शेतकरी बोंडं फुटलेल्या कपाशीत नांगर हाकत होता. त्याला अल्लीपुरात एक मत पडलं नाही. गावच्या शाळेतले मास्तर या सगळ्यांचे विरोधी पक्ष. सगळे एका बाजूला गेले की मास्तर दुसऱ्या बाजूला जाणार, मग ती बाजू कोणती का असेना. टी.व्ही.वर मोठ्या बक्षिसांचा सोहळा लागला की दुकानातच तो पाहिला जाई. झगमगीत कपड्यांतल्या नटनट्या आईवडिलांचे आभार मानत, आणि मास्तर म्हणत, "त्या मुंबईवाल्याईले काय समजते? पाहाले भेटते त्याईले पुरा, पण समजत नाई."

मी वर्ध्याची. माझे वडील नोकरीत, घर टॉकीजजवळ. आई आणि आम्ही बहिणी प्रत्येक सिनेमा दिवे लागेपर्यंत पाहणाऱ्या, दिवे लागल्यावरही डोळे पुसत बसून राहणाऱ्या. अल्लीपूरला मात्र मी नवी सून. डोक्यावर पदर, आणि सासऱ्यांशी थेट बोलायची पद्धत नाही. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदा होता. त्याच्या अलीकडे मी, चहाच्या कपांसकट. मला गप्प बसायची सवय माहेरी कुणी लावली नव्हती, त्यामुळे तो पडदा मला पहिल्या दिवसापासून डाचायचा.

पहिल्या तान्ह्या पोळ्याला मी पडद्यामागे कान लावून उभी होते. वाद एका टांगेवाल्याच्या सिनेमावर चालला होता. टांगेवाला राबराब राबून धाकट्या भावाला वकील करतो, आणि भर कोर्टात भाऊ त्याला ओळख देत नाही. इथपर्यंत सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढचं मामाजींनी सांगितलं. वकील काळा कोट काढून फेकतो, स्वतः टांग्यावर चढतो, भावाला मागे मालकासारखा बसवतो आणि हाकत हाकत घरी नेतो. घरी दोघे एका ताटात पातोडीचा रस्सा आणि भाकर खातात.

टेलरनं नाक ओढल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. बैल टांगेवाल्याला मिळाला.

मी मात्र हातातला ट्रे घेऊन तशीच उभी. तो सिनेमा मी वर्ध्याला पाहिला होता. टांगेवाला कोर्टाच्या पायऱ्यांवर मरतो आणि भाऊ वरून नुसता पाहत राहतो. मी आणि माझी बहीण दोन दिवस धड जेवलो नव्हतो. पातोडीचा तर संबंधच नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू दुसराच पिच्चर पाह्यला असशीन. गप राहजो बाप्पा."

मी दुसराच पाहिला! मला सिनेमे कळत नाहीत असं मला म्हटलं की माझं डोकं फिरतं, आजही फिरतं. त्या दिवसापासून मी मामाजींचे शेवट कान देऊन ऐकायला लागले. माहेरी गेले की ते सिनेमे मुद्दाम पाहून यायचे. मामाजींचे सगळे शेवट वेगळे निघाले. त्यांच्या सिनेमात कुणी मरत नसे, आणि प्रत्येक शेवटात कुणीतरी जेवायला बसत असे. तस्करांचा सरदार तुरुंगातून सुटून आला की आई त्याला चून-भाकर वाढी. विलायतेहून परत आलेली नायिका भरल्या वांग्यांवर ताव मारी. एकदा मास्तरांनी शंका काढली होती, "एवढ्या मोठ्या बंगल्यात आंबाडीची भाजी?" त्यावर मामाजी म्हणाले, "बंगल्यातल्याईले काय जीभ नसते?" नागपूरला सिनेमा पाहून आलेला एखादा काही निराळं सांगायला लागला तर मामाजींचं उत्तर तयार असे, "नागपुरात कापून दाखवते."

उलगडा झाला तो पुढच्या वर्षीच्या दिवाळीत. हिंगणघाटच्या आत्या भाऊबीजेला आल्या होत्या. विधवा, एकटी, बारीक चणीची, पण आवाज खणखणीत. आम्ही स्वयंपाकघरात करंज्या तळत होतो. सासूबाई म्हणाल्या, "तुमचे भाऊ आठवड्याले येते, तुमाले त्रासच होते." तर आत्या म्हणाल्या, "त्रास कायचा? पिच्चर अर्धा टाकून येते माहा भाऊ. त्याले मालूम हाये ना, तो आल्याबिगर मी घास घेत नाई. आठवडाभर एकटी जेवतो आमी, मी अन् ते भित. एक दिवस तरी समोर माणूस पाह्यजे."

माझ्या हातातली करंजी कढईत पडली आणि तेल उडालं. म्हणजे मामाजींनी तरी शेवट कुठे पाहिले होते? ते वर बाल्कनीत बसत, खालच्या वर्गातल्या कुणाचं तिकडे लक्ष नसे. एस.टी.साठी पळणाऱ्यांच्याही आधी ते हळूच उठून बहिणीच्या ताटाशी जाऊन बसत. आणि सिनेमातली माणसं जे जेवत, ते आत्यांनी त्या दिवशी रांधलेलं असे.

मला हसू आवरेना. पण त्याचबरोबर असा जीव भरून आला की मी धुराचं निमित्त करून अंगणात गेले.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. पण मामाजींना काहीतरी कळलं असावं. त्यानंतर ते सासूबाईंना मोठ्यानं विचारत, "सूनबाईले विचार बरं, हा पिच्चर वर्ध्याले लागला होता काय?" मी आतून सासूबाईंना सांगे, "हो म्हणा. पण शेवट काही खास नाई म्हणा." मग मामाजी म्हणत, "असं काय?" आणि त्या दिवशीचा शेवट जरा जास्तच रंगे. पडद्यापाशी उभ्या सासूबाई आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहत. त्यांना वाटे, सासऱ्याला सुनेच्या माहेरचं भारी कौतुक.

अशी काही वर्षं गेली आणि मास्तरांनी व्हीसीडी प्लेअर घेतला.

त्या वर्षी सामना दोन सिनेमांचा होता. मास्तरांच्या बाजूला एक पोलिसांचा सिनेमा होता, आणि बाकी सगळे एका बँडवाल्याच्या बाजूनं होते. बँडवाला दुसऱ्यांच्या लग्नात ट्रंपेट वाजवणारा. त्याची मुलगी शिकायला म्हणून शहरात जाते आणि परत येत नाही, आणि एका वरातीत घोड्यामागच्या गाडीत नवरी म्हणून त्याला तीच दिसते. मामाजींच्या शेवटात तो तोंडातलं ट्रंपेट खाली घेतो, सगळा बँड थांबतो, आणि तो भर रस्त्यात विचारतो, "पोरी, जेवली काय?" पोरगी खाली उतरते. मग मांडवात बापलेक बसून झुणका-भाकर खातात. या शेवटानं गावातल्या लग्नाच्या मुली असलेल्या तमाम बापांना गार केलं होतं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मास्तर प्लेअर पिशवीत घालून दुकानात आले. "हिंगणघाटहून शीडी आणली बँडवाल्याची," ते म्हणाले. "आधी शेवट पाहू सगळे, मंग देऊ बैल. डोळ्यानं पाहाले काय हरकत हाये?"

हरकत कुणाचीच नव्हती. सगळे खूशच झाले. मी पडद्याच्या फटीतून मामाजींकडे पाहिलं. ते एका बाईला साखर मोजून देत होते आणि पारडं केव्हाच खाली गेलं तरी त्यांचा हात साखर टाकतच होता. किराणा दुकानदार खोटं बोलतो असं एकदा झालं की मग त्याचा तराजूही खोटा, डाळीतला खडाही मुद्दाम टाकलेला. मामाजींनी आयुष्यभर जपलेला शब्द त्या पिशवीतल्या चकतीवर येऊन ठेपला होता. वीज जाऊ दे म्हणून मी मनातल्या मनात सगळ्या देवांना सांगून पाहिलं. रोज त्या वेळेला हमखास जाणारी वीज त्या दिवशी मेली गेली नाही.

शेवट लागला. बँडवाल्याला मुलगी दिसते, तो लाजेनं तोंड लपवतो आणि वाजवतच राहतो. वरात पुढे जाते, दिवे लांब जातात, आणि तो रस्त्याच्या कडेला कोसळतो. ट्रंपेट चिखलात. मग नावं यायला लागली.

सगळे मामाजींकडे पाहायला लागले. मास्तर म्हणाले, आणि बरेच हळू म्हणाले हे मी कबूल करते, "काकाजी, याच्यात जेवण कुठं हाये जी?"

मामाजी साखरेच्या पोत्याकडे पाहत होते. माझ्यानं ते पाहवेना. मी पडदा बाजूला केला आणि डोक्यावरचा पदर सावरत सरळ दुकानात जाऊन उभी राहिले. नवऱ्यानं डोळे मोठे केले. मी तिकडे पाहिलंच नाही.

"शेवट हाच हाये मास्तर," मी म्हटलं. "मी माहेरी पाह्यला. पण मले एक सांगा. पोरगी गाडीत बसून गेली अन् बाप चिखलात मेला, हे तुमाले बैल द्याच्या लायकीचं वाटते काय? का मामाजीनं सांगितलं ते वाटते? खरं सांगा. तुमालेबी पोरी हायेत."

मास्तरांना तीन मुली. त्यांनी प्लेअर बंद केला.

मग मामाजीच बोलले. "मी शेवट पाह्यला नाई," ते म्हणाले. "एकबी नाई. बहीन जेवाची थांबते माही. तिले उपाशी ठेवून पिच्चर कसा पाहू? पहिल्या खेपेले तुमी विचारलं, तर सांगाची लाज वाटली. मंग सवय पडली."

सगळ्यात आधी टेलर हसला. "म्हंजे आमी चपला हातात घेऊन पळून राह्यलो, अन् तुमी आमच्याबी आधी?" मग कोण कोण हसायला लागलं ते कळलंच नाही. एकजण हसता हसता बाकावरून खाली आला.

मास्तर हसत नव्हते. ते गुळाच्या डब्यावरच्या बैलाकडे पाहत होते. "मंग आजवर आपन बैल देल्ले ते कोनाले?" त्यांनी विचारलं. शेवटी त्यांनी स्वतःच खडू उचलला, आणि विरोधी पक्षातल्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा बहुमताचा निकाल दिला. "पिच्चर त्याईचा, शेवट आपला. मुंबईवाले त्याईच्या शेवटाले बक्षीस देते, आपन आपल्या शेवटाले देऊ. लिहतो मी, बँडवाला."

गर्दी पांगल्यावर मामाजींनी मला पहिल्यांदा थेट हाक मारली. "सूनबाई, चहा टाक. अन् तुयाबी कप इकडंच आन." दुसऱ्या दिवसापासून पडद्याच्या बाहेर, डाळीच्या कोठीपाशी माझं स्टूल पडलं. मला मत मिळालं. मी ते मास्तरांच्या विरुद्ध अगदी मनापासून वापरत आले.

त्यानंतर मामाजी उघडपणे शेवट सांगायला लागले आणि लोक उघडपणे मागायला लागले. घरोघरी केबल आली, खरे शेवट कुणालाही दिसायला लागले, तरी लोक दुकानात येऊन म्हणत, "काकाजी, टी.व्ही.तला पाह्यला, बेकार हाये. तुमी सांगा."

मग एका उन्हाळ्यात आत्या गेल्या. झोपेतच गेल्या. दिवसकार्य झालं, आणि पुढच्या बंदच्या दिवशी मामाजी नेहमीसारखे माल भरायला गेले. सिनेमाही पाहिला. बहिणीच्या बंद घराचं कुलूप काढून तिथेच राहिले. सकाळी टेम्पोतून उतरले आणि पोती मोजायला लागले.

संध्याकाळी लोक जमले. सिनेमा दोन मित्रांचा होता, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचा. टेलरनं विचारलं, "मंग काकाजी?"

"मंग काय, कोर्टानं निकाल देल्ला. एक जिंकला, दुसरा गाव सोडून गेला. संपला."

"जेवले नाईत?"

"नाई."

मास्तर म्हणाले, "काकाजी, असा नोका सांगू."

"असाच हाये तो," मामाजी म्हणाले. "या खेपेले शेवटपर्यंत बसलो होतो. उठाले काही कारनच नोतं."

लोक आपापली पुडी घेऊन गेले. मी स्टुलावर बसून होते आणि मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मला राग येतो. आत्यांचा आला, सिनेमाचा आला, त्या टॉकीजवाल्याचाही आला.

पुढच्या बंदच्या दिवशी मामाजी निघाले तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. "आज शेवटच्या गाडीनं घरी या मामाजी. माल टेम्पोवाला सकाळी आणते, त्याले रस्ता मालूम हाये. मी जेवाची थांबते."

"तू जेवून घेजो. उशीर होते मले."

"होऊ द्या. मी थांबते."

त्यांनी चपला घातल्या. मग पिशवी उचलून गेले. मी गोळाभात रांधला, फोडणीचं तेल तयार ठेवलं आणि बसून राहिले. नवरा म्हणाला, "बाबा येत नाईत, तू जेव." मी त्याला वाढलं आणि पुन्हा बसले. गाडीचा आवाज आला. पाठोपाठ गल्लीत टेलरचं हसणं ऐकू आलं. तो मला ओरडून सांगत होता, "वहिनी, काकाजी आमच्याबी पुढं पळत होते, चपला हातात घेऊन!" मामाजी धापा टाकत ओट्यावर चढले, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. आम्ही दोघं जेवलो.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दुकानासमोर गर्दी होती. मामाजींनी पुडी बांधली, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. त्यांचा सिनेमातला बाप मुलाशी वैर धरून शहर सोडून निघाला होता आणि स्टेशनवर गाडीत बसलाही होता.

"अन् मंग गाडी सुटाच्या आत तो खाली उतरला," मामाजी म्हणाले. "घरी गेला. तं सून जेवाची थांबली होती. तिनं गोळाभात वाढला, वरून गरम तेलाची फोडणी."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "फोडणीत लसूण होता काय जी?"

मामाजींनी माझ्या स्टुलाकडे पाहिलं. "होता ना," ते म्हणाले. "अंमळ जास्तच होता."